होन्नकल्लूची विभूती

टक् करून डब्याचं झाकण उघडलं, तेव्हा सुकन्याच्या लक्षात आलं की आपण बराच वेळ जागे आहोत आणि एवढ्या वेळात कानावर काहीच आलेलं नाही.

घरी, जुळे सोलापुरात, या वेळेला दूधवाल्याची मोटारसायकल असते, वरच्या मजल्यावरची पाण्याची मोटर असते, खालच्या पार्किंगमध्ये वॉचमनचा खराटा असतो. इथं कावळासुद्धा नव्हता. परवा संध्याकाळी गाडी या पांढऱ्या डोंगराच्या पायथ्याशी उभी केल्यापासून तिनं एकही कुत्रं भुंकताना ऐकलं नव्हतं. काल चहा गाळताना अर्धं पातेलं चाकाशी सांडलं होतं, चांगला साखरेचा चहा; आणि संध्याकाळी पाहिलं तर डाग वाळून कडक झालेला, पण त्यावर एक मुंगी नव्हती. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. मुंग्या नाहीत अशी तक्रार कोण कुणाकडे करतं?

पुढच्या बाकावर अव्वा उठून बसल्या होत्या. सासूबाईंना, म्हणजे गुरम्मांना, घरात सगळेच अव्वा म्हणत. अंगाला विभूती लावल्याशिवाय त्या चहा घेत नसत. त्यासाठीचा चपटा स्टीलचा डबा त्यांच्या कमरेच्या पिशवीत कायम असायचा. झाकणाचा आवाज म्हणजे अव्वांची सकाळ झाली, एवढाच त्याचा अर्थ. कुशीत झोपलेली तिची लेक गुब्बी केव्हाच उठून आजीकडे गेली होती. त्या दोघींची कानडीत काही कुजबुज चालली होती. सुकन्यानं पांघरूण कानावर ओढून घेतलं आणि आणखी थोडी झोपली.

ही गाडी म्हणजे तिच्या नवऱ्याचं, पंचाक्षरीचं वेड होतं. एरवी तो लोकांची स्वयंपाकघरं करायचा. कुठल्या कोपऱ्यात कोणता खण बसेल हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. एक जुनी शाळेची टेम्पो ट्रॅव्हलर त्यानं विकत घेतली, बाकडी उपटून काढली आणि दोन वर्षं रविवार-रविवार खपून आत घर बसवलं. ताटाएवढं बेसिन, दोन बर्नरची शेगडी, दिवसा बाक आणि रात्री पलंग होणारी फळी. तो तिला मोटरहोम म्हणायचा, अव्वा 'पंचूचं बिऱ्हाड' म्हणायच्या. कॉलनीतल्या बायका ती बघायला नारळ घेऊन आल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी नातेपुत्याहून लग्न करून आलेल्या सुकन्याला नवऱ्याचं हे वेड आधी उधळपट्टी वाटलं, मग हळूहळू आवडायला लागलं. पुढे हंपी-बदामीला जाणाऱ्या कुटुंबांना ती भाड्यानं द्यायची असं ठरलं होतं. पण पहिली खेप अप्पांकडे. हा शब्द पंचाक्षरीनं आईला गाडी घेतली त्याच दिवशी दिला होता.

अप्पा म्हणजे महादेवप्पा, त्याचे वडील. भवानी पेठेत मागावर पोट भरेना म्हणून ते तरुणपणीच या होन्नकल्लूच्या सोन्याच्या खाणीत आले. वर्षातून एकदा, गड्ड्याच्या जत्रेला, सोलापुरात यायचे. खोकत यायचे आणि खोकत जायचे. पंचाक्षरी अजून शाळेतही जात नव्हता, त्या वर्षी ते आलेच नाहीत. निरोप पोचला तोवर इथल्या लोकांनी त्यांची माती करून टाकली होती. अव्वांना नवऱ्याचं तोंड दिसलं नाही. पण त्याहून एक गोष्ट त्यांना आयुष्यभर खात राहिली, आणि ती त्यांनी सुकन्याला एकदाच, शेंगा फोडता फोडता सांगितली होती.

"आपल्यात माणसाला बसवतात की गं खड्ड्यात. मांडी घालून, हातात लिंग देऊन, विभूतीनं भरून. ह्यांना बसवलं आसंल का आडवंच ढकललं आसंल, कोण सांगणार मला?"

एवढ्यासाठी हा प्रवास होता.

वाट तशी सुंदर होती. विजापूर मागं पडलं, कृष्णा ओलांडली, आणि पुढं झाडं कमी कमी होत गेली. लाल माती, एकावर एक रचून ठेवल्यासारखे धोंडे, मधूनच एखादं बंद पडलेलं खाणीचं गाव: धुराडं आहे पण धूर नाही, कामगारांच्या चाळी आहेत पण छपरातून लिंब उगवलेत. प्रत्येक गावाला एक उंच लोखंडी मनोरा आणि त्याच्या टोकावर भलं मोठं चाक. गुब्बी दर वेळी काचेला नाक लावून ओरडायची, "गड्ड्यातला पाळणा." शाळेत तिचं नाव संस्कृती होतं, पण चिमणीसारखी अखंड चिवचिवते म्हणून आजीनं कानडीतलं चिमणीचं नाव तिला लावलं आणि तेच चिकटलं.

होन्नकल्लूला पोचले तेव्हा ऊन कलत होतं आणि तो डोंगर समोर आला. पांढराशुभ्र, वरून सपाट, अंगावर पावसानं पाडलेल्या चुण्या. त्याच्यावर गवताची काडी नव्हती. संध्याकाळच्या उजेडात तो आधी गुलाबी झाला, मग जांभळा. पंचाक्षरी गाडीतून उतरून नुसता बघत राहिला.

"लोक राजस्थानला कशाला जातात गं?" तो म्हणाला. "पाचशे किलोमीटरच्या आत वाळवंट आहे आपलं."

"उंट कुठाय?" गुब्बीनं विचारलं.

"उंट जेवायला गेलाय."

तारेचं कुंपण होतं, पण ते जागोजाग आडवं झालेलं. आत शिरायच्या जागी एक पत्र्याची पाटी होती. लाल अक्षरं, सगळी कानडीत. वरच्या बाजूला रंगाचा गोल पोपडा उडालेला होता आणि त्याखाली फुलीसारख्या एकमेकींवर ठेवलेल्या दोन पांढऱ्या रेघा तेवढ्या शिल्लक होत्या.

"काय लिहिलंय हो?" सुकन्यानं विचारलं होतं.

"मला काय विचारतेस? मी कॅम्पातल्या मराठी शाळेतला." पंचाक्षरी कानडीत भांडायचा, कानडीत हिशेब करायचा, आईशी मराठीतून एक वाक्य बोलायचा नाही, पण कानडी अक्षर म्हणजे त्याला जिलबीचा घाणा. सोलापुरात अशी घरंच्या घरं आहेत. अव्वांनी तर कुठल्याच शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं.

"अव्वा, तुम्ही सांगा."

"लाल आक्षरात हाय म्हंजी देवाचंच आसणार की. न्हायतर कचरा टाकू नका म्हणत आसतील. आमी कुटं टाकाय आलोय?"

मोबाइलला रेंज नव्हती. पंचाक्षरीनं तिघींना त्या पाटीखाली उभं केलं आणि फोटो काढला. मग कुंपण पडलेल्या जागेतून गाडी आत घेतली, डोंगराच्या अगदी कुशीत, कारण तिथून उजेड छान मिळत होता.

काल सकाळी ते गावात चौकशीला गेले. पोस्टासमोरच्या बाकावर खाणीतला एक म्हातारा भेटला. महादेवप्पांचं नाव ऐकल्यावर तो अव्वांकडे न बघता कानडीत सांगायला लागला. सुकन्याला निम्मं कळलं, निम्मं अव्वांच्या तोंडावरून कळलं. बसवलं होतं. मी स्वतः खड्ड्यात उतरलो होतो. मांडी घालून, तळहातात लिंग देऊन. काही कमी केलं नाही.

अव्वांनी पदर तोंडाशी धरला. "कुटं?" त्यांनी विचारलं.

म्हाताऱ्यानं पांढऱ्या डोंगराकडे बोट केलं. आपल्या लोकांची जागा तिथंच होती. पुढं कंपनीला दळलेली माती टाकायला ठिकाण पुरेना, तेव्हा ती तिकडं सरकत आली. सगळे खाली आहेत आता. एवढं सांगून तो उठला, काठी टेकत गेला. बाकीचं त्याला सांगावंसं वाटलं नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही जे ठाऊक असतं ते कोण मुद्दाम सांगतं?

काल दुपारभर अव्वा डोंगराला पाठ टेकून बसल्या होत्या. सुकन्यानं दोनदा गाडीच्या दारातून पाहिलं. त्या तळहातानं ती माती गोंजारत होत्या, मूठ भरून हळूहळू सोडत होत्या. माती इतकी बारीक की बोटांतून पाण्यासारखी गळत होती. पस्तीस वर्षांनी नवऱ्याजवळ बसलेल्या बाईला हाक मारायची नसते, असं म्हणून सुकन्या आत वळली आणि वांग्याचं भरीत करायला घेतलं.

आज मात्र उन्हं गाडीत आली आणि तिला गुब्बीच्या कण्हण्यानं जाग आली.

"आई, खाजतंय."

पोरगी पलंगाच्या कडेला उभी राहून कपाळ खाजवत होती. तीन आडवी बोटं रोजच्यासारखीच ओढलेली. पण रोजची विभूती पिठासारखी पांढरी असते, ही तशी नव्हती. हिच्यात राखाडी झाक होती आणि मान हलली की काहीतरी बारीक चमकत होतं. पट्ट्यांच्या कडेनं कातडी लाल झाली होती.

"बघू. कुठं खाजतंय? तोंड उघड."

जिभेवर मधोमध तसाच राखाडी लेप होता.

"काय खाल्लंस गं?"

"अज्जाचा खाऊ." गुब्बीनं तोंड वाकडं केलं. "गोड नाहीये. चमचा चाटल्यासारखा लागतो."

सुकन्या उठून पुढच्या बाकापाशी गेली. अव्वा माळ घेऊन बसल्या होत्या. डबा शेजारी उघडाच होता. सोलापूरहून भरून आणलेल्या विभूतीच्या वड्या त्यात नव्हत्या. डबा काठोकाठ त्या डोंगराच्या भुकटीनं भरला होता, आणि भुकटी बोटानं नीट थापून सारखी केलेली होती.

"अव्वा, हे काय आहे?"

"ह्यांच्या गद्दुगीवरचं हाय." अव्वांच्या आवाजात सुकन्यानं कधी न ऐकलेलं समाधान होतं. त्यांच्याही कपाळाला, दंडांना, गळ्याला तेच होतं. "थोरामोठ्यांच्या समाधीवरची विभूती लोक लांबलांबनं न्यायला येतात की. ही तर घरची. नात हाय त्यांची, त्यांनी बघितली न्हाय. निदान हात तरी लागू दे म्हटलं डोक्याला."

"तोंडात पण घातलीत?"

"चिमूटभर. विभूती लावली की चिमूट जिभेवर ठेवायचीच. तुझ्या माहेरी न्हाय ठेवत?"

ठेवत होते. नातेपुत्याची तिची आजी ताप आला की अंगारा पाण्यात कालवून पाजायची. सुकन्यानं फडकं ओलं करून हातात घेतलं आणि तशीच उभी राहिली. ही माती आहे, तिनं स्वतःला सांगितलं, लहानपणी आपणही खाल्ली आहे. पण मुंगी न लागलेला चहाचा डाग तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"पुसू नगं," अव्वा म्हणाल्या. रागावून नव्हे, विनवल्यासारखं.

"तिला खाजतंय, अव्वा." आणि तिनं पुसलं. पट्ट्यांखालचं कपाळ पोळल्यासारखं निघालं.

तेवढ्यात बाहेर स्कूटीचा हॉर्न वाजला. तो थांबेचना. पंचाक्षरी डोंगराच्या अर्ध्या चढावर मोबाइल उंच धरून सकाळचं ऊन टिपत होता. तो घसरत खाली येताना दिसला. कुंपणाच्या बाहेर एक बाई स्कूटीवर पाय टेकून उभी होती. कॉटनची साडी, पाठीला सॅक, गळ्यात शाळेचं ओळखपत्र. ती आत आली नाही. तिथूनच हात हलवत होती, जशी शेतात शिरलेली गुरं हाकलावीत.

"होरग बर्री," ती ओरडत होती. "मक्कळु इदावेनु? होरग बर्री."

बाहेर या. मुलं आहेत का. एवढं सुकन्याला कळलं. तिनं गुब्बीला उचललं आणि अनवाणीच निघाली, मग पायाखालची माती आठवून परत फिरली आणि चपला घातल्या.

बाईचं नाव चंद्रिका होतं, गावातल्या शाळेत शिकवायची. पंचाक्षरी जवळ येईपर्यंत तिला दम निघाला नाही.

"तुम्ही कानडीच ना? मग पाटी वाचली नाहीत?" ती कानडीतच म्हणाली, आणि पंचाक्षरीचं तोंड बघून थबकली. "वाचता येत नाही?"

"सोलापूरचे आम्ही," पंचाक्षरी म्हणाला. लाजल्यासारखा हसलाही.

चंद्रिका हसली नाही. तिनं पाटीकडे वळून वर्गात वाचतात तसं मोठ्यानं, एकेक ओळ वाचली. सुकन्या पाटीकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती. पहिल्या ओळीला त्याचं हसू तसंच राहिलं. दुसऱ्या ओळीला ते तोंडावरून कुठंतरी निघून गेलं. तिसऱ्या ओळीला त्यानं हातातल्या मोबाइलकडे, मग स्वतःच्या धुळीनं माखलेल्या हातांकडे पाहिलं आणि ते पँटला पुसले, आणि पँटही धुळीची आहे हे कळून हात अंगापासून लांब धरले.

"काय लिहिलंय? अहो, काय लिहिलंय ते सांगा."

"विषारी आहे." तो मराठीत बोलत होता, पण शब्द शोधत होता. "सोनं धुवायला जी रसायनं घालत होते... ती या मातीत आहेत. दगडातलंही विष सुटून आलंय. जनावरं सोडू नयेत. पोरांना आत आणू नये. हात लावू नये." त्यानं सुकन्याच्या कडेवरच्या गुब्बीकडे पाहिलं. "तोंडात जाऊ देऊ नये."

"गेल्या वर्षी धनगराची शेरडं वरून आलेलं पाणी प्याली," चंद्रिका सांगत होती. "सगळी गेली. आम्ही शाळेच्या खिडक्या वाऱ्याच्या दिवसांत बंद ठेवतो. तुमची गाडी परवा दिसली असती तर परवाच... मी माहेरी होते. कुणी काही खाल्लं तर नाही ना?"

मागं गाडीच्या पायरीवर अव्वा येऊन उभ्या होत्या. पाटी वाचली गेली ती त्यांनी पहिल्या शब्दापासून ऐकली होती. कानडी त्यांना कळणार नाही असं कसं होईल?

अव्वांनी गुब्बीला ती माती चाटवली आहे, एवढं नवऱ्याला सांगून सुकन्या त्यांच्याकडे गेली. पंचाक्षरी तिच्या आधी पोचला.

"किती दिलंस तिला?"

अव्वांनी हातातला डबा छातीशी धरला.

"अव्वा, किती? कधीपासून?"

"काल सांजच्याला," अव्वा म्हणाल्या. "दुदात. जरा जास्तीच घातली, पोटात ऱ्हावी म्हणून. मग आज." त्या सुकन्याकडे बघत होत्या, लेकाकडे नाही. "त्यांच्या आंगावरची माती हाय ती. आपल्याच नातीला कसं काय करतील ते?"

"अप्पांना त्यातलं काय कळतंय आता?" पंचाक्षरीचा आवाज फाटला. "अप्पा असे वाईट करतील म्हणतंय का कोण? तू विचारायचंस तरी."

"कुणाला विचारायचं? तूच उभी केलीस की गाडी."

सुकन्याला त्या क्षणी दोघांचाही राग आला नाही, रागाला जागाच उरली नव्हती. तिनं गुब्बीला खाली बसवून पाण्यानं चूळ भरायला लावली, पुन्हा भरायला लावली, नखांमधलं काढलं, केसांत बोटं घालून पाहिलं. पोरीला हा खेळ वाटला. चुळीचं पाणी लांब उडवता येतं का ते ती बघत होती. मग मध्येच थांबली आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, "इथं कुणीतरी पिळतंय."

"तालुक्याला सरकारी दवाखाना आहे," चंद्रिका म्हणाली. "हाच रस्ता सरळ. रेंज आली की मी फोन करते तिथं. आणि ते," तिनं अव्वांच्या हातातल्या डब्याकडे बोट केलं, "ते सोबत घ्या. डॉक्टरांना बघायला लागेल. झाकण घट्ट लावा."

गाडी इतक्या जोरात त्या रस्त्यावर कुणी चालवली नसेल. पंचाक्षरीनं मापं घेऊन बसवलेले खण एकामागून एक उघडत होते, कप, उलथनं, तिखटमिठाचा डबा सगळं खाली येत होतं आणि कुणी उचलत नव्हतं. काचेतून तो डोंगर मागं मागं जात होता, पण लहान होत नव्हता. वळण घेतलं की पुन्हा समोर यायचा, उन्हात झळझळणारा, इतका देखणा की सुकन्यानं पडदा ओढून घेतला.

गुब्बी आजीकडे जायला बघत होती. तिला उलटी झाली तेव्हा तिनं सवयीनं "अज्जी" म्हणूनच हाक मारली. अव्वांनी हात पुढं केले. आणि सुकन्यानं पोरीला स्वतःकडे वळवून घेतलं. ठरवून केलं नाही, हातांनी आपोआप केलं. अव्वांचे हात तसेच हवेत राहिले, मग त्यांनी ते पदराखाली घेतले.



"मी लई जास्त खाल्लंय तिच्यापेक्षा," अव्वा मग हळूच म्हणाल्या. "मूठ मूठ. मला पण व्हायला पायजे की काहीतरी. मला काय झालं न्हाय बग, सुकन्या. काय झालं न्हाय."

त्या सुकन्याला धीर देत होत्या की तिच्याकडे मागत होत्या, ते तिला कळलं नाही. पण त्यांच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते, आणि गाडीत तर पंखा चालू होता.

दवाखान्यात चंद्रिकाचा फोन पोचला होता. डॉक्टरबाई वयानं सुकन्याएवढ्याच होत्या, हिंदीत बोलत होत्या. त्यांनी डबा उघडून पाहिला, वास घेतला नाही, लगेच बंद केला. नर्सनं तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली आणि आत नेला. अव्वा त्या पिशवीकडे दार बंद होईपर्यंत बघत राहिल्या. नवऱ्याला पुन्हा एकदा कुणीतरी त्यांना न विचारता कुठंतरी नेऊन ठेवत होतं.

रक्त घेतलं, लघवी घेतली. गुब्बी रडली आणि हातावरच्या कापसाकडे बघत गप्प झाली. सलाईन लावलं. अव्वांना शेजारच्या खोलीत घेतलं, कारण उभ्या उभ्या त्यांना भोवळ आली होती. पंचाक्षरी दोन दारांच्या मध्ये उभा होता, एक पाय इकडे, एक तिकडे.

"पोट साफ होईल असं औषध दिलंय," डॉक्टरबाई सुकन्याला म्हणाल्या. "पण त्या मातीत नक्की काय आणि किती, ते इथं कळत नाही. नमुने बाहेर पाठवावे लागतील. यातलं काही विष लगेच दिसतं. काही अंगात बसून राहतं, केसांत, नखांत, हाडांत. वाढत्या वयात जास्त."

"म्हणजे काय होईल?"

"आज काही सांगता येणार नाही. खोटं कशाला बोलू?" त्यांनी सुकन्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लक्ष ठेवायचं. बरंच लांबपर्यंत लक्ष ठेवायचं."

लांबपर्यंत. सुकन्यानं मान हलवली. पोरीच्या पहिल्या दाताची, पहिल्या पावलाची ती वाट बघत आली होती. आता यापुढं जे जे उगवेल, केस, नखं, दुधाचे पडून नवे येणारे दात, त्या सगळ्याकडे संशयानं बघायचं होतं. पंख्याचा वारा गुब्बीच्या कपाळावरच्या लाल पट्ट्यांवर येत होता. सुकन्यानं तिच्यावर वाकून हळूच फुंकर घातली. गुब्बीच्या केसांना अजून कालच्या तेलाचा वास होता.

दुपारी सलाईन संपलं. गुब्बी जरा हुशारली. पलंगावरून उतरून तिनं वॉर्डाची पाहणी केली, पाण्याचा नळ उघडून पाहिला, मग दाराजवळच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. तिथं लहान मुलांची उंची मोजायला जिराफ रंगवला होता. खुरापासून शिंगांपर्यंत रेघा, रेघांपुढं आकडे. नर्सनं हसून तिला भिंतीला टेकवलं, डोक्यावर पट्टी धरली आणि पेन्सिलनं खूण केली.

"बघ, गुडघ्याच्या वर आलीस की," नर्स कानडीत म्हणाली.

गुब्बीनं मागं वळून खुणेवर बोट ठेवलं. मग मान उंच करून जिराफाच्या पोटाकडे, लांबलचक मानेकडे, पार वर छताजवळच्या त्याच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं. सुकन्या जवळ आली तेव्हा ती टाचा उंच करून उभी होती आणि तिचा कापूस लावलेला हात भिंतीवर जमेल तितका वर गेला होता.

"आई," तिनं विचारलं, "पुढच्या वर्षी मी कुठपर्यंत येणार?"